मदत हवी आहे: निवडणूक काळातल्या पहिल्या पानाचं कोडिंग

महाराष्ट्र विधानसभा २०२४. घोषणा १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. या काळातल्या मराठी दैनिकांच्या पहिल्या पानांवर अजेंडा-सेटिंगचा (माध्यमं ज्या मुद्द्यांना महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, या कल्पनेचा) अभ्यास चालू आहे. पद्धत मॅकॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांचीच: १९६८ साली अमेरिकेतल्या चॅपेल हिलमध्ये त्यांनी १०० अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले आणि माध्यमांतल्या मुद्द्यांच्या क्रमाशी ताडून पाहिले.

घोडं अडलंय ते विषय ठरवण्यात. ‘सोयाबीनला सहा हजारांचा भाव देऊ’ असं सभेतलं आश्वासन असेल, तर एक कोडर (बातमीला विषय नेमून देणारा) ‘शेती’ लिहितो, दुसरा ‘प्रचार’. कप्पा (kappa, दोन कोडरांच्या सहमतीचं माप) ०.७ च्या वर जातच नाही. मथळा प्रमाण मानला तर बहुतेक बातम्या ‘प्रचारा’त जातात आणि शेतमालाचा भाव यादीतून जवळपास गायब होतो, निष्कर्षच उलटतो. म्हणून मुद्दा (उदा. शेती) आणि मांडणी (उदा. प्रचार) असे दोन वेगळे रकाने करावेत असं वाटतं. कुणी असं केलंय का? नियमपुस्तिकेत (कोडिंगचे नियम लिहिलेल्या पुस्तिकेत) दोन्हींची व्याख्या कशी लिहिली?

दुसरं, पूर्ण पानाच्या जाहिरातीमागे दडलेलं पान पहिलं धरायचं ना? ई-पेपरमध्ये ते तिसरं दिसतं. बातमीसारख्या छापलेल्या जाहिराती स्तंभ-सेंटिमीटरमधून (बातमीने व्यापलेल्या जागेच्या मोजमापातून) वगळतोय, पण ‘जाहिरात’ शब्द कोपऱ्यात बारीक असतो, स्कॅनमध्ये वाचताच येत नाही.

आवृत्तीचाही घोळ आहेच. लातूरच्या मतदारांची उत्तरं पुणे आवृत्तीशी ताडण्यात अर्थ नाही. मराठवाडा आवृत्त्यांचे जुने अंक कुठल्या ग्रंथालयात सलग मिळतील? नियमपुस्तिकेचा नमुना असेल तर कृपया द्या.