उडत उडत कळलेलं: मार्विन गेच्या 'ग्रेपव्हाइन'चे तुमचे अनुभव लिहा

अमेरिकन गायक मार्विन गेचं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' (म्हणजे 'मला उडत उडत कळलं') हे गाणं तुम्ही कधी ऐकलंत, तेव्हा काय चाललं होतं, सगळं लिहा. माझ्यापासून सुरुवात करते. माझं ठरलेलं लग्न मोडलं ते मला त्याच्याकडून नाही, मावशीच्या शेजारणीकडून कळलं. त्याच आठवड्यात हॉस्टेलवर रूममेटने हे लावलं. शब्द अर्धेच कळले, पण सुरुवातीचा तो पियानो, अंधारात जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत तसा, आणि मग तो आवाज! गाण्यातल्या त्याला प्रेयसीच्या आयुष्यात दुसरा माणूस आहे यापेक्षा जास्त लागलंय ते हे की तिने स्वतः सांगितलं नाही. माझंही तेच होतं.

*

तो आवाज तसा लागण्याचं कारण आहे, प्रोड्यूसर नॉर्मन व्हिटफिल्डने मार्विनला मुद्दाम नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावलं. मी भजनात गातो. घरचं सगळं फिस्कटलं होतं त्या दिवसांत एकदा पेटीवाल्याने पट्टी वर धरली आणि दुसऱ्या कडव्याला माझा गळा दाटला, थांबताही येईना. हे गाणं ऐकताना गळ्यात तिथेच दुखतं.

*

माझं मत ग्लॅडिस नाइटला, हेच गाणं तिनेही गायलंय. तिचं १९६७ मध्ये आलं, अमेरिकन चार्टवर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मार्विनचं आधीच रेकॉर्ड झालेलं पण कंपनीने ठेवून दिलं, सिंगल निघाली १९६८च्या शेवटी आणि मग सात आठवडे पहिल्या नंबरवर. तरी मला तीच हवी, ती सरळ जाब विचारते. नवऱ्याला विचारायच्या आदल्या रात्री मी तिचंच लावलं होतं.

*

मी डेट्रॉइटजवळ राहतो. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर हे गाणं काढणाऱ्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं ते साधं घर आहे, आता म्युझियम. आई आली होती तेव्हा तिला नेलं. तिथे छतात एक भोक आहे, वरच्या माळ्याचा घुमारा ते रेकॉर्डिंगला वापरायचे, गाईड खाली उभं करून टाळी वाजवायला सांगतात. आईने वाजवली आणि आवाज विरेपर्यंत वर बघत राहिली. परतताना गाडीत हे गाणं लावलं, अर्थ सांगितला. बाबांचं तिला असंच कळलं होतं, पापड लाटताना, बायकांच्या बोलण्यातून. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "घरच्या माणसालाच शेवटी कळतं रे. परत लाव."