गच्ची ज्याची, सबसिडी त्याची? इंदूरकरांनो, बोला

रामबागचा भाडेकरू:
रविवारी मामांकडे सुदामानगरला जेवायला गेलो होतो, पान वाढायच्या आधी अर्धा तास गच्चीवर नेऊन सोलर दाखवलं. ३ किलोवॅट, गच्चीवरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० खात्यात जमा, उरलेल्याला बँकेचं कर्ज, तारण काही नाही. छान आहे, जळत नाहीये मी. पण खाली येऊन बघतो तर चार खोल्यांत तेच जुने घरघरणारे पंखे, एसी पंधरा वर्षांचा, आणि मामी म्हणाल्या की आता बिल नाहीच येत फारसं तर राहू दे की दिवसभर चालू. मग सरकारनं पैसे दिले ते वीज वाचवायला का उधळायला? माझं म्हणाल तर दोन खोल्या, वर उघडा स्लॅब, मे महिन्यात रात्री ११ ला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. मला कोण देणार एक रुपया? माझं मत, आधी बचतीला पैसे द्या, मग पॅनलला. घ्या, हाणा आता.

गच्चीवाले काका:
हाणायला कशाला पाहिजे, योजना नीट वाच. पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,००० आणि त्याच्या वर दमडी नाही, म्हणजे बंगलेवाल्यानं १० किलोवॅट लावले तरी ७८,०००च. उधळपट्टीला कुठे दिले? माझ्याकडे रोज साधारण १२ युनिट होतात, दुपारी घरी आम्ही दोघंच, ती वीज ग्रिडमध्ये जाते आणि शेजारच्या दुकानाचा फ्रीज चालतो. आणि इंदूरचाच ना भिया तू? आपलं नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपिंग स्टेशनवरून वर चढवायला विजेचं बिल केवढं येतं माहितीये? म्हणून तर महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, तिथं ६० मेगावॅट सोलर लावायला. पंखे बदलायला नाही काढले.

लोकमान्यनगरची मावशी:
काका पंखे हसण्यावारी नका नेऊ, मी हिशोब करून बसलेय. साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे, रोज १२ तास, म्हणजे दिवसाला दोन युनिट वाचले. तेवढे दोन युनिट पॅनलनं काढायचे तर अर्धा किलोवॅट लागतं, त्याला सरकार १५,००० देतं. माझे चार पंखे आले १२,००० ला!! म्हणजे नुसत्या सबसिडीत पंखे फुकट वाटून वर ३,००० उरले असते. सांगा कुठे चुकलं.

गच्चीवाले काका:
मावशी, थंडीत पंखे बंद असतात, पॅनल डिसेंबरातही चालतं. वर्षाचा हिशोब करा.

लोकमान्यनगरची मावशी:
केला. आठ महिने धरले तरी पंख्याचं पारडं फार हलकं नाही होत, आणि श्रावणात तुमचं पॅनल काय करतं तेही धरा की. शिवाय पंखा भाड्याच्या घरातून काढून नेता येतो. २०१५ नंतर सरकारच्या उजाला योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब आठवा, कुणाच्या खात्यात पैसे नाही टाकले, नुसती ठोक खरेदी केली आणि बल्ब घरोघर पोचला. तसंच पंख्याचं करा एवढंच म्हणणं आहे.

फ्लॅट ४०२:
आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० मिळतात पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे असल्या सामाईक बिलासाठी. तेही घेतलं असतं पण आमच्याकडे वरच्या मजल्यावाले म्हणतात गच्ची आमची, तळमजलावाले म्हणतात लिफ्ट आम्ही वापरतच नाही. तीन मीटिंगा झाल्या, चहा-पोह्याचा खर्च तेवढा एकमतानं पास झाला.

१५० युनिटवाला:
तुम्ही सगळे एक योजना विसरताय. मध्य प्रदेश सरकारची अटल गृहज्योती, महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये. आमच्या घरी आई महिन्याच्या २० तारखेपासून मीटरखाली स्टूल घेऊन उभी असते, पाटीवर आकडा लिहिते, १४० झाले की इस्त्री बंद, मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. १५१ वा युनिट पडला की सवलत गेली ना. आता सांगा, खरी ऊर्जाबचत योजना कुठली? आणि ज्याचं बिलच शे-दोनशे येतं तो कर्ज काढून पॅनल कशाला लावेल?

गच्चीवाले काका:
तुझ्या आईला नमस्कार, पण माझ्या गल्लीत एकाच घरात खालचं मीटर वेगळं, वरचं वेगळं, दोन्ही १५० च्या आत आणि वर एसी गारेगार. ती बचत नाही, ती वाटणी आहे.

१५० युनिटवाला:
😂 हे मात्र आहे. आमचे थोरले काका असंच करतात.

नंदानगरहून:
कर्जाचं कुणी बोलत नाहीये. कागदावर २ लाखांपर्यंत विनातारण, व्याजही कमी. मी एका बँकेत गेलो तर म्हणे सहा महिन्यांचं बिल आणा, आणलं, मग म्हणे घर वडिलांच्या नावावर आहे, मीटरही त्यांच्याच नावावर, त्यांनाच आणा. वडील ८१ वर्षांचे. त्यांना रिक्षात घालून नेलं तर साहेब जेवायला गेलेले. सबसिडीही काम होऊन मीटर बसल्यावर येते, तोवर पॅनल लावणारा व्हेंडर पैशांसाठी रोज फोन करतो. आणि मोठा पोपट तर पुढे झाला, लाईट गेली तर सोलरही बंद!

गच्चीवाले काका:
ते मुद्दाम असतं, बिघाड नाही. तारेवर लाइनमन काम करत असला आणि तुझ्या गच्चीवरून करंट आला तर? म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरीवाला घे, पण तो खर्च वेगळा. व्हेंडरनं आधी सांगायला हवं होतं, ते बरोबर.

रामबागचा भाडेकरू:
काका, पॅनल वाईट असं मी म्हणतच नाहीये. मला एवढंच दिसतं की ज्याच्याकडे गच्ची, स्वतःच्या नावाचं मीटर आणि बँकेत दाखवायला कागद, त्यालाच पैसे. माझ्या घरमालकानं पॅनल लावलं तर त्याचं बिल कमी होईल, माझ्याकडून तो युनिटमागे १० रुपयेच घेणार.

लोकमान्यनगरची मावशी:
तू गच्चीवर चुना मार रे. मालकाला विचारून. आम्ही दरवर्षी होळीनंतर मारतो, चुन्यात थोडा फेव्हिकॉल, दोन हात. खालची खोली रात्री झोपण्याजोगी होते. याला सबसिडी नाही म्हणून कुणी करत नाही बहुतेक.

रामबागचा भाडेकरू:
मालक म्हणतो चुना तू आण, मजुरी तू दे, आणि भाडं पुढच्या महिन्यापासून ५०० वाढेल कारण खोली थंड झाली.

गच्चीवाले काका:
हा तुझा मालक माझ्या ओळखीचा दिसतोय.