जुन्या स्प्लेंडरचे मागचे शॉकअप: नवे घ्यायचे, भरून घ्यायचे की पल्सरचे लावायचे?

बुटीबोरीकर
गाडी २००७ ची स्प्लेंडर प्लस. शॉकअप अजून मूळचेच. डावा तेलाने चिकट झालाय आणि त्यावर धुळीचा थर बसलाय. सीट दाबून सोडलं की गाडी एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, माझी डोलतच राहते. रोज नागपुरात अजनी ते बुटीबोरी एमआयडीसी, रविवारी डबलसीट, महिन्यातून एकदा मागे सिलेंडर. बजेट दोन हजार.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडण लवकर सुरू होईल. एवढ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीला नवी, साधी तेलाची, मूळ मापाची जोडी घालावी आणि विषय मिटवावा. पहिली पसंती कंपनीच्या काउंटरवरचा माल. तो बजेटबाहेर गेला तर गॅब्रियल कंपनीचा, ती जोडी दुकानात मला दोन हजारांच्या आत सांगितली. पल्सरचे गॅसवाले लावणं ही निव्वळ हौस. जुने भरून घेणं म्हणजे तोच खर्च, फक्त हप्त्याने. आणि एकच बदलायचा सल्ला कोणी देऊ नका. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला मेलेला असला की चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला, पीळ पडतो आणि वळणावर मागचं चाक आपलं ऐकत नाही.

महालचा मेकॅनिक
जोडीने बदलायचे, इथपर्यंत बरोबर. पण हप्त्याने खर्च काहून म्हणता भाऊ? हिरो होंडाच्या काळातले ते मुंजाल शोवाचे शॉकअप. त्यांची स्प्रिंग आणि आत-बाहेर सरकणारा दांडा आज बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या मालापेक्षा सरस असतो. स्प्रिंग सहसा मरत नाही. मरतं ते तोंडाचं सील. सील गेलं की तेल गेलं, आणि तेल गेलं की उसळी आवरायला कोणी राहत नाही.

दांडा पुसून त्यावर नख फिरवा. कुठे अडकलं नाही, क्रोम शाबूत दिसलं, तर पाच-सहाशेत जोडी भरून होते. लेथवाला प्रेस केलेलं तोंड कापतो, आटे पाडतो, नवं सील बसवतो, तेल भरतो. पुढच्या वेळी उघडायला तर आणखी सोपं. चांगली वस्तू भंगारात देऊन हलकी विकत घ्यायची, याला काय म्हणायचं?

बुटीबोरीकर
काका, तो लेथवाला तेल कोणतं भरतो ते पण सांगा ना. मी चार दुकानं विचारली. दोन ठिकाणी सरळ इंजिन ऑइल दाखवलं, तेही कॅनमध्ये उरलेलं. डिसेंबरच्या सकाळी ते घट्ट, मे महिन्यात पातळ. शॉकअपचं खास तेल, म्हणजे फोर्क ऑइल, म्हटलं तर "तेच असते ते, नाव वेगळं" असं उत्तर आलं.

आणि किती भरायचं? दांडा आत शिरतो तेव्हा जागा खातो, म्हणून आत थोडी हवा सोडावीच लागते. यांना वाटतं जितकं जास्त तितकं बरं. तोंडापर्यंत भरलं की पहिल्या मोठ्या खड्ड्यात तेलाला जायला जागाच नसते, ते सील फोडून बाहेर येतं. मग पुन्हा पाच-सहाशे. हाच तो हप्ता.

महालचा मेकॅनिक
भरणारा बघून भरायला द्या. ज्याच्या टेबलावर मापाचं भांडं दिसत नाही त्याच्याकडून गाडी परत काढा. पण एका वाईट कारागिरामुळे कामच वाईट ठरत नाही. नव्याची तरी काय खात्री आहे? डबा तोच, रंग तोच, आत माल दुसराच. पक्कं बिल मागितल्यावर ज्या दुकानदाराचा चेहरा उतरतो, त्याच्याकडे गॅब्रियल लिहिलेलं काही घेऊ नका. हातात घेऊन दाबल्याशिवाय तर नकोच. चांगला शॉकअप दाबायला जड जातो आणि सावकाश वर येतो. टणकन उसळला तर दुकानात ठेवून या.

खामल्याचा पल्सरवाला
तुम्ही दोघंही १९९४ मध्ये अडकले आहात, स्प्लेंडर आली त्या साली 😄

नागपूरचा उन्हाळा ४५ च्या वर जातो. रस्ते सिमेंटचे, प्रत्येक जोडावर टक, टक, टक. वर्धा रोडच्या त्या विक्रमवाल्या डबल डेकर पुलावरून रोज जाणाऱ्याला तेलाचा शॉकअप सुचवणं म्हणजे कमालच. सतत घुसळलं की तेल तापतं, त्यात फेस येतो, आणि फेसाळलेल्या तेलातून पिस्टन नुसता घसरतो. गॅसवाल्यात बाजूच्या डब्यातला नायट्रोजन तेलावर दाब ठेवतो, म्हणून फेस धरत नाही. बजाजने पल्सरला हे गॅसवाले, नायट्रॉक्स नावाचे, उगाच नाही दिले. जुन्या पल्सरची चांगली जोडी सेकंडहँड मिळते, तुमच्या बजेटमध्ये आरामात. माझ्या भावाने डिस्कव्हरला लावलेत, लोण्यासारखी चालते.

व्हीएनआयटीच्या गेटसमोर
फेसाचं कारण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. गॅस गाडी मऊ करत नाही. वजन तोलते स्प्रिंग, उसळी आवरतं तेल, आणि गॅस फक्त त्या तेलाला त्याचं काम नीट करू देतो. पल्सरचा शॉकअप लावताना तुम्ही तिची स्प्रिंगही लावता. स्प्लेंडर साधारण ११० किलोची, पल्सर १५० तिच्याहून तीसेक किलोंनी जड. एकट्याने चालवली तर ती स्प्रिंग दबणारच नाही. मग सिमेंटच्या जोडाचा धक्का सीटमधून थेट कंबरेत. रोजच्या ऑफिसच्या चालीत तेल फेसाळण्याइतकं तापेल असंही मला वाटत नाही. ती भीती लांब, खराब रस्त्यावर भरून दामटणाऱ्याने बाळगावी.

दुसरं म्हणजे लांबी. वरच्या डोळ्याच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, शॉकअप पूर्ण उघडा असताना. बोटभर जरी लांब आला तरी गाडीचं ढुंगण वर जातं आणि नाक खाली. हँडल चंचल होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकून राहतं. चेन परत बघावी लागते ती वेगळी. आखूड आला तर डबलसीट असताना टायर मडगार्डला घासायची भीती. डोळ्यातल्या बुशचं, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळीचं, भोक आणि रुंदीही जुळायला हवी. वॉशर घालून "बसवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

खामल्याचा पल्सरवाला
पुस्तकी! डिस्कव्हरला बसले ना? मापं जुळतातच.

व्हीएनआयटीच्या गेटसमोर
डिस्कव्हरही बजाजचीच. प्रश्न स्प्लेंडरचा आहे.

काटोल रोडचा दूधवाला
तुमी सारे एकट्याच्या गाडीचं बोलून राह्यले. आमच्या गाडीले दोन्ही बाजूनं ४० लिटरच्या कॅना लटकते. भरल्या म्हणजे दुधाचंच ऐंशी किलो, कॅनचं वजन वेगळं. कंपनीचे शॉकअप तिथं काय टिकन? मी जाड तारेच्या स्प्रिंगवाले टाकले, हेवी म्हणून भेटते ते. गाडी बसतच नाई. भाऊ सिलेंडर नेते म्हनते, तर त्याईनं बी हेच टाका. सस्त्यात काम होते.

बुटीबोरीकर
दादा, तुमच्या गाडीला ते बरोबर आहेत. पण भरलेलं सिलेंडर जेमतेम ३० किलोचं, तेही महिन्यातून एकदा. त्यासाठी रोज दगडावर बसून जायचं?

व्हीएनआयटीच्या गेटसमोर
त्या हेवी प्रकारात स्प्रिंग जाड केलेली असते, आतलं तेल आणि ते जायची भोकं बऱ्याचदा जुन्याच मापाची. कडक स्प्रिंग जोरात उसळते आणि तिला आवरायला आत कोणी नसतं. कॅन भरलेल्या असताना ते जाणवणार नाही. परतीला रिकाम्या असताना मागचं चाक उड्या मारत असेल, बघा.

काटोल रोडचा दूधवाला
मारते ना. म्हनून परत येताना हळू येतो. पण येतो तवा पैसे कमावून येतो 😀

वैदर्भी
इतकं सगळं झालं, पण गाडी नीट तपासली का हे कोणी विचारलंच नाही. तेल गळतंय म्हणजे शॉकअप गेला, मान्य. पण वळणावर मागचं चाक ऐकत नाही याला शॉकअपच कारण, हे कशावरून ठरलं? गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खडखड जाणवली तर चिमटा बुश गेलेत, नाहीतर चाकाचं बेअरिंग. एवढ्या वर्षांच्या गाडीत चिमटा बुश शिल्लक असले तर नवलच. त्यांच्यावर सोन्याचे शॉकअप लावले तरी गाडी लंगडीच चालणार. चिमटा उतरवायला शॉकअप काढावेच लागतात, म्हणजे मजुरी एकदाच द्या. दोन हजारांतले थोडे त्यासाठी बाजूला काढा.

हवेचंही तसंच. पंपावरचा पोरगा विचारत नाही, सगळ्यांना एकच आकडा भरतो. एकट्याचा आणि डबलसीटचा दाब वेगळा असतो. टायर दगड झाला की शिव्या शॉकअपला.

आणि शॉकअपच्या खालच्या खाचा फिरवायला पाना येतो, तो कोणी वापरतं का? सासूबाई मागे बसणार असतील तेव्हा एक-दोन खाचा वर, एकटीने जाताना परत खाली, दोन्ही बाजू सारख्याच. आमच्याकडे मेकॅनिकने एकदा शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवले होते, "टाइट केले मॅडम" म्हणून. खाचेने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी कमी बसते. पण एकट्या माणसाला शेवटची खाच म्हणजे शिक्षाच.

महालचा मेकॅनिक
ताईंचं चिमट्याचं शंभर टक्के बरोबर. गिऱ्हाईक शॉकअप मागतं, दुकान शॉकअप विकतं, बुश कोणी बघत नाही. नवे बसवल्यावर वरचे-खालचे नट नीट आवळले का तेही बघा. कॅरिअर त्याच बोल्टवर असेल तर काढून परत लावताना वॉशरचा क्रम चुकतो, मग बुश आवळून बसतं आणि शॉकअप तिरका ओढला जातो.

भरून घेण्यावर मात्र मी ठाम आहे. चिमटा बुशचे पैसे निघाल्यावर तुमच्या दोन हजारांत चांगली नवी जोडी बसणार नाही. मग तुम्ही हलकी घ्याल. त्यापेक्षा बुश नवे आणि जुने शोवा नीट भरून, हे बजेटात बसतं.

बुटीबोरीकर
चिमटा उद्याच बघतो, ते पटलं. ताई, हवेचं म्हणाल तर मी घरच्या पंपाने गेज लावूनच भरतो, तिथे मला पकडता येणार नाही 🙂

भरून घेणं मात्र पटलेलं नाही, काका. माझ्या डाव्या दांड्यावर गंजाचे ठिपके आहेत, नख दोन ठिकाणी अडकलं. तुमच्याच परीक्षेत तो नापास. नवं सील त्या ठिपक्यांवर घासून फाटणारच. बुशमुळे बजेट वाढलं तर एक पगार थांबेन, पण नवीच घेईन, पक्क्या बिलाची. पल्सरवाल्या भावाला सांगायचं तर सेकंडहँड गॅसमधला गॅस शिल्लक आहे की गेला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो डबा बाहेरून छानच दिसतो.

खामल्याचा पल्सरवाला
दिसतो छान, हे तरी कबूल केलंत.

महालचा मेकॅनिक
डावा सोडा मग. उजव्यावर नख अडकलं का?

बुटीबोरीकर
नाही. उजवा आरशासारखा आहे.

महालचा मेकॅनिक
तो फेकू नका. एका गिऱ्हाईकाचा डावा चांगला पडून आहे माझ्याकडे, त्याला जोडी लावून देतो. दीडशे घ्या.

बुटीबोरीकर
दोनशे. आणि चिमटा बुशची मजुरी त्यातच धरा.