स्तनपानाच्या वर्गाला फक्त एक तास: काय ठेवायचं, काय गाळायचं?

आठवा_महिना

नमस्कार. प्रसूतिपूर्व वर्गांच्या मालिकेत स्तनपानाला एक तास मिळतो. समोर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका आणि त्यांचे जोडीदार असतात. सध्या पहिली वीस मिनिटं आईच्या दुधाचे फायदे, मग पाजायला घेण्याच्या पाच पद्धती, मग दूध वाढवणारे पदार्थ आणि शेवटी शंका, असा क्रम आहे. अडचण ही की बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतात तेव्हा प्रश्न एकच असतो: "दूध पुरतंय का?" आणि त्याचं उत्तर या तासात कुठेच नाही.

प्रात्यक्षिकाला बाहुली आणि कापडी स्तन आहे. फायदे गाळले तर चालेल का? पंपाचं किती सांगावं? छातीत गाठी झाल्या तर शेक आणि मालीश असं आमच्या जुन्या पत्रकात आहे, ते ठेवावं का?

---

रात्रपाळी

फायदे खुशाल गाळा. वर्गाला आलेल्या बाईला ते पटलेलंच असतं, म्हणून तर ती आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला एका वाक्यात सांगा: जन्मानंतर पहिल्या तासात छातीशी, सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे पूरक अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्त. झालं.

वाचलेली वीस मिनिटं शी-शूच्या हिशोबाला द्या. हे तोंडी सांगू नका, दाखवा. एका सिरिंजमध्ये ५ मिली पाणी घ्या आणि चमच्यात सोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी २ ते १० मिली चीक (सुरुवातीचं घट्ट दूध) पितं. चमचा बघितला की "छातीत काहीच नाही" ही भीती निम्मी होते. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६० मिली. दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. सिझेरियन, पहिलंच बाळंतपण, मधुमेह किंवा जास्त रक्तस्राव असेल तर आणखी उशीर होऊ शकतो.

मग दोन डायपर घ्या. एक कोरा ठेवा, दुसऱ्यात ४५ मिली पाणी ओता (मोठे तीन चमचे) आणि दोन्ही हातोहात फिरवा. आजकालचे डायपर ओलावा इतका शोषतात की नुसत्या स्पर्शाने कळत नाही. फरक वजनाने कळतो आणि तो हाताला एकदा समजला की विसरत नाही.

आकडे असे: पहिल्या दिवशी किमान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त. शी पहिले दोन दिवस काळी-चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी आणि पातळ, दिवसात तीन-चार वेळा. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर दूध पोटात जात नाहीये, असं समजून त्याच दिवशी तपासणी. डायपरवर विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसले तर सहसा काळजीचं नसतं, चौथ्या दिवसानंतर दिसले तर असतं.

ही नोंद जोडीदाराकडे सोपवा. आईला तेवढं तरी डोक्यावर नको.

---

हनुवटी_आधी

वरच्याला +१. फक्त एक भर: "रडलं म्हणजे भूक" हे डोक्यातून काढायला दोन मिनिटं ठेवा. तोंड उघडणं, मान वळवून शोधणं, मुठी चोखणं या भुकेच्या खुणा. रडणं शेवटी येतं आणि रडणारं बाळ नीट पकडत नाही. आधी छातीवर उभं धरून शांत करावं लागतं.

पाच पद्धतींच्या मी विरोधात आहे. तासाभरात पाच दाखवल्या की एकही हातात बसत नाही. दोनच ठेवा: मागे रेलून बाळाला पोटावर घेणं, आणि विरुद्ध हाताने धरणं (उजव्या बाजूला पाजताना डावा हात बाळाच्या पाठीला, तळवा खांद्यांमध्ये, अंगठा आणि बोट कानांच्या खाली). डोक्याच्या मागे तळवा ठेवून ढकलायचं नाही. बाळ मान मागे ताणतं आणि पकड सुटते. टाक्यांवर भार येत असेल तर काखेखालून धरायची तिसरी पद्धत सिझेरियन झालेल्यांना वॉर्डात शिकवता येते.

बाहुलीवर पकड अशी दाखवा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. स्तनाग्र ओठांपुढे नाही, नाकासमोर. बाळ मान किंचित मागे टाकून तोंड मोठं उघडतं, तेव्हा त्याला पटकन छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी आधी टेकते, नाक मोकळं राहतं. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या ओठावर जास्त दिसतो, खाली कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला.

शिकवताना राहून जाणारी गोष्ट म्हणजे पाजून झाल्यावर स्तनाग्राकडे बघणं. गोल आणि आधीसारखंच असेल तर पकड खोल होती. लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं किंवा पांढुरकं दिसलं तर बाळाने टोकच चावलं आहे. याने भेगा पडतात आणि दूधही कमी निघतं, म्हणजे दुखणं आणि न पुरणं ही दोन्ही एकाच कारणाची फळं. सुरुवातीचे काही सेकंद ओढ जाणवणं चालतं. अर्ध्या मिनिटानंतरही कळ येत असेल तर करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून हवा जाऊ द्या, सोडवा, पुन्हा लावा. "सवय होईल" म्हणून सोसायचं नाही.

किती मिनिटं, हा प्रश्न हमखास येतो. घड्याळ लावू नका. गिळण्याचा आवाज आणि हनुवटीची लांब, थांबून होणारी हालचाल बघा. नुसती चुळबुळ सुरू झाली की छाती हाताने हलकेच दाबून धरा, पुन्हा गिळायला लागतं. तेही थांबलं की दुसरी बाजू. २४ तासांत ८ ते १२ वेळा. संध्याकाळी सलग दोन-तीन तास लागून राहणं नेहमीचं आहे, ते दूध आटल्याचं लक्षण नाही.

---

वजनकाटा

दूध वाढवणाऱ्या पदार्थांची यादी काढा. दूध निघतं म्हणून बनतं. साठून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो. हे एकदा समजलं की वरचं दूध कधी आणि कसं, हेही समजतं, आणि वर्गात याच विषयाला बगल दिली जाते. बगल दिल्याने बायका ते देत नाहीत असं नाही, त्या ते न विचारता देतात.

वजन पहिल्या तीन-चार दिवसांत उतरतंच. ३,००० ग्रॅमचं बाळ २,८०० वर आलं तर ते ७ टक्क्यांच्या आत आहे. २,७०० म्हणजे १० टक्के. तिथे कोणीतरी जाणकाराने अख्खं एक पाजणं बसून बघायला हवं. प्रसूतीत आईला सलाइन भरपूर लागलं असेल तर जन्मवजनच थोडं फुगलेलं असतं, म्हणून एकटा आकडा बघून निर्णय नको, डायपर आणि बाळाची तरतरी सोबत बघा. पाचव्या दिवसापासून रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, आणि १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत. तोच काटा, बाळ उघडं. घरच्या मोठ्या काट्यावर "मी बाळासकट, मी एकटी" अशी वजाबाकी उपयोगाची नाही, त्याची चूकच १०० ग्रॅमच्या घरात जाते.

वरचं दूध लागलंच तर क्रम: आधी हाताने किंवा पंपाने काढलेलं आईचं, मग मिळत असेल तर मिल्क बँकेचं (इतर आयांनी दान केलेलं), मग पावडरचं. प्रमाण वर दिलेल्या दिवसाप्रमाणे. गडबड इथे होते: दुसऱ्या दिवशी ६० मिली बाटलीने पाजतात, बाळ पाच तास झोपतं, त्या पाच तासांत छातीतून काही निघत नाही, ती दगडासारखी होते, मग बाळाला पकडता येत नाही, मग पुन्हा बाटली. म्हणून नियम असा की जितक्या वेळा वरचं दिलं तितक्या वेळा आईने दोन्ही बाजूंनी १०-१५ मिनिटं दूध काढायचं.

बाटली दिली तर बाळ जवळपास उभं, बाटली आडवी, मधूनमधून थांबवत. १५-२० मिनिटांत संपावी, पाच मिनिटांत नाही. पावडरचं दूध "हलकं" करायला जास्त पाणी घालू नका; उष्मांक कमी पडतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. नुसतं पाणी, साखरपाणी सहा महिन्यांपर्यंत नको, आणि मध तर वर्षापर्यंत नाहीच.

सुस्त बाळ "गुणी" म्हणून झोपू देऊ नका, कावीळ असेल तर मुळीच नाही. जन्मवजन भरून येईपर्यंत दर दोन-तीन तासांनी उठवायचं: कपडे काढा, डायपर बदला, तळपाय चोळा. उठवूनही न पिणारं, टाळू खोल गेलेलं, १२ तास लघवी न झालेलं बाळ थेट रुग्णालयात.

---

बदकचोच_झडप

पंपाला सात मिनिटं पुरे. त्यातली पाच मापाला द्या.

छातीवर बसणाऱ्या कपाचं माप म्हणजे त्याच्या नळीचा व्यास. स्तनाग्राचा व्यास बुडाशी मिलिमीटरमध्ये मोजा. नळी तेवढीच किंवा ३ मिमीपर्यंत मोठी. खोक्यात बहुधा २४ आणि २८ मिमीचे कप येतात आणि बऱ्याच जणींना ते मोठे होतात. गडद भाग नळीत ओढला जात असेल तर मोठा, स्तनाग्र बाजूंना घासत असेल तर लहान. आधी एक-दोन मिनिटं जलद-हलकी गती, दुधाची धार लागली की सावकाश-खोल. ओढ दुखेपर्यंत वाढवली तर पान्हा उलट आखडतो.

"पंप बिघडला" म्हणणाऱ्यांचा बहुधा झडपेचा घोळ असतो. बदकाच्या चोचीसारखी सिलिकॉनची झडप उजेडात धरा. चीर बंद दिसायला हवी. फट दिसली की ओढ गेली. रोज वापर असेल तर एक ते तीन महिन्यांत ती बदलावी लागते. ती ब्रशने घासू नका, चीर फाटते.

साठवण: २५ अंशांपर्यंत खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस (दारात नको), फ्रीजरमध्ये ६ महिने उत्तम. वितळलेलं फ्रिजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत संपवा किंवा टाका. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा. मायक्रोवेव्ह नको, कुठे कढत कुठे गार राहतं.

पण खरं सांगायचं तर पहिल्या तीन दिवसांत पंपाचा उपयोग थोडाच. चीक घट्ट, थेंबाथेंबाने येतो आणि भागांनाच चिकटून राहतो. हाताने काढायला शिकवा: अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून २-३ सेंमी मागे, आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग एकमेकांकडे, सोडा. त्वचेवरून घसरायचं नाही. कापडी स्तनावर हे छान दाखवता येतं.

---

रात्रपाळी

गाठींचं राहिलं. जुनं पत्रक बदला. जोराने मालीश करून गाठ "फोडायची" आणि पंप लावून छाती रिकामी करत राहायचं, हा सल्ला आता मागे पडला आहे. दुधाच्या वाटेत बूच बसलेलं नसतं. भोवतालची सूज वाट अरुंद करते आणि मालिशीने सूज वाढते. गार पट्टी १० मिनिटं, बाळ पितं तेवढंच पाजणं, जास्तीचं काढायचं नाही, सुजेसाठी गोळी डॉक्टरांना विचारून. पाजण्याआधी थोडा कोमट शेक बरा वाटत असेल तर घेऊ द्या. दूध सुरक्षित असतं, पाजणं थांबवायचं नाही. ताप, थंडी आणि लाल पट्टा २४ तासांत उतरला नाही तर डॉक्टर. गाठ मऊ, पाण्याने भरल्यासारखी लागली तर सोनोग्राफी.

छाती टणक झाल्याने बाळ पकडत नसेल तर दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राच्या बुडाभोवती ठेवून छातीकडे मिनिटभर दाबून धरा. सूज मागे सरते आणि लगेच पाजता येतं.

---

आठवा_महिना

मनापासून आभार. डायपरचं उद्याच करून बघते. एकच शंका: कोणाचं स्तनाग्र आत ओढलेलं असतं, कोणाची छातीची शस्त्रक्रिया झालेली असते. सगळ्यांसमोर काय सांगावं?

---

हनुवटी_आधी

सगळ्यांसमोर एवढंच: बाळ स्तनाग्र चोखत नाही, छातीचा मोठा घास घेतं, त्यामुळे चपटं असलं तरी बहुतेक वेळा जमतं. स्तनाग्रावर बसवायचं सिलिकॉनचं कवच आधीच विकत घ्यायला लावू नका. लागलं तर दूध भरून आल्यावर, कोणाच्या तरी देखरेखीखाली, आणि वजन बघत.

पुढचं नाव न घेता, चिठ्ठीवर भरून घ्या: गडद भागाभोवती छेद देऊन शस्त्रक्रिया, थायरॉइड, पीसीओएस (बीजांडकोशाचा हार्मोनचा विकार), मधुमेह, गरोदरपणात छातीच्या आकारात काहीच फरक न पडणं. यातलं काही असेल तर दूध कमी पडण्याची शक्यता खरीच असते, आणि "सगळ्यांना पुरेसं येतंच" हे वाक्य तिला नंतर टोचतं. तिला तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी वजनाची वेळ आधीच ठरवून द्या. ३६ आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी होकार दिला तर, हाताने चीक काढून सिरिंजमध्ये गोठवून ठेवता येतो. अकाली प्रसूतीचा धोका, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका किंवा खाली आलेली वार असेल तर नाही.

अर्धं दूध अंगावरचं आणि अर्धं वरचं, हेही स्तनपानच आहे, असं त्या चिठ्ठीमागे लिहून ठेवा.