बी विंगच्या पार्किंगमधली बाईक

सी १०१ (६:४८): सुप्रभात. पार्किंगमध्ये पहाटेपासून जे चाललंय ते कृपया थांबवा. बाबांचा आत्ता कुठे डोळा लागला होता. गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

डी ४०२ (६:५०): काळी, फॉग लाइटवाली. नाव मीही घेत नाही 😄

बी ३०४ (६:५३): सॉरी काका. गाडी चालूच होत नाहीये. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. परवा फॉग लाइट आणि सायलेन्सर बसवून आणली, तेव्हा मस्त चालत होती.

सी १०१ (६:५४): सायलेन्सर बसवल्याचं आम्हाला कळलं आहे. परवाच कळलं.

ए २०२ (६:५७): इग्निशन ऑन केल्यावर पेट्रोलच्या पंपाचा बारीक गूंऽऽ आवाज येतो का? दोन-तीन सेकंद येऊन थांबायला हवा.

डी ४०२ (६:५८): प्लग गेलाय. बदल आणि विषय संपव.

बी ३०४ (७:०२): आता सेल्फपण फिरत नाही. नुसतं टकटकटक होतंय आणि मीटरचे दिवे मंद होतात.

डी ४०२ (७:०३): मग बॅटरी. मी आधीच म्हणणार होतो.

बी १०२ (७:०५): माझ्या खिडकीखाली पेट्रोलचा वास येतोय. कोणी लक्ष देणार आहे का?

ए ५०३ (७:०६): वास येत असेल तर आधी सेल्फ मारणं थांबव बाळा. टाकी आणि पाइप बघ, कुठे गळत नाही ना? आणि एका वेळी पाच सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नसतो. मोटर तापते, बॅटरी बसते.

बी ३०४ (७:०९): गळत नाहीये काकू. काल रात्री टाकी भरताना थोडं सांडलं होतं, त्याचा वास असेल.

सेक्रेटरी (७:१०): सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप सूचनांसाठी आहे. गाडी दुरुस्तीची चर्चा वैयक्तिक करावी 🙏

बी १०२ (७:११): माझ्या खिडकीखाली चाललंय म्हणजे वैयक्तिक कसं?

ए २०२ (७:१२): इग्निशन ऑन केल्यावर पंपाचा आवाज येतो का? गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल आत फवारलं जातं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

डी ४०२ (७:१३): चौघं मिळून ढकला. सेकंड गिअर, क्लच सोड, चालू.

ए ५०३ (७:१५): इंजेक्शनच्या गाडीला ते दर वेळी लागू पडत नाही. पंप आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर गेटपर्यंत ढकलून दमाल फक्त. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, मी खाली येते. तोपर्यंत कोणीही काहीही विकत आणू नका.

बी ३०४ आई (७:१७): धन्यवाद ताई. मुलगा घाबरलाय, त्याचा आज इंटरव्ह्यू आहे. तुम्ही सगळे एकदम बोलताय म्हणून तो गोंधळतोय.

सी १०१ (७:१८): आम्ही आधी बोलत नव्हतो वहिनी, आधी गाडी बोलत होती.

ए ५०३ (७:२६): बॅटरी ११.८ व्होल्ट. चांगली चार्ज असेल तर १२.६ ते १२.८ असायला हवी. म्हणजे उतरली आहे. पण एक लक्षात घ्या, सकाळी सेल्फ नीट फिरत होता. आधीच उतरलेली असती तर पहिल्या झटक्यालाच टकटक झाली असती. ती सेल्फ मारून मारून उतरली आहे. मूळ दुखणं दुसरं आहे.

डी ४०२ (७:२७): फॉग लाइट रात्रभर चालू राहिले असतील.

ए ५०३ (७:२९): नाही. दोन्ही मिळून ४० वॅटचे आहेत, म्हणजे तीन अँपिअरच्या वर. रात्रभर जळले असते तर या बॅटरीत काही उरलंच नसतं. मात्र त्यांची वायर थेट बॅटरीवर टाकलीये आणि मध्ये फ्यूज नाही. त्याचं नंतर बोलते.

बी १०२ (७:३१): आता पार्किंगच्या सॉकेटला चार्जर लावताना दिसतोय. ते सोसायटीच्या मीटरवर आहे ना? मी स्कूटर लावली तेव्हा दुसऱ्या दिवशी सर्क्युलर निघालं होतं.

सेक्रेटरी (७:३२): तो विषय वेगळा होता.

बी १०२ (७:३२): काय वेगळा होता ते सांगा. वीज तीच आहे.

बी ३०४ आई (७:३४): चार्जर काढायला सांगितलाय. कोणाचं युनिट नको आम्हाला.

सी १०१ (७:३६): वाद नको. माझ्या गाडीच्या बॅटरीवरून जोडा. केबल डिकीत आहेत. तसंही ती बाईक हलल्याशिवाय माझी गाडी निघणार नाही.

ए ५०३ (७:३८): फार बरं झालं. कारचं इंजिन बंदच ठेवा. आधी लाल ते लाल. काळी केबल कारच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बाईकच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट्या क्रमाने.

ए २०२ (७:३९): आणि जोडल्यावर सेल्फ मारण्याआधी नुसती चावी फिरवा. पंपाचा आवाज येतो का ते ऐका. तिसऱ्यांदा लिहितोय.

डी ४०२ (७:४०): काकांचा मेसेज पिन करा रे कोणीतरी 😄

बी ३०४ (७:४९): सेल्फ जोरात फिरतो आता. तरी इंजिन उचलत नाही. आणि २०२ काका, पंपाचा आवाज अजिबात येत नाही. इंजिनचा पिवळा दिवाही जात नाही.

डी ४०२ (७:५०): पिवळा दिवा सायलेन्सरमुळे. त्यातला ऑक्सिजन सेन्सर जोडला नसणार. जुना सायलेन्सर लाव.

सी १०१ (७:५०): याला माझा पाठिंबा.

ए २०२ (७:५६): सायलेन्सरने सहसा गाडी बंद पडत नाही. ऑक्सिजन सेन्सर सुटला तर दिवा लागेल, गाडी अडखळेल, पेट्रोल जास्त खाईल, पण बहुतेक वेळा चालू होते. इथे पंपच फिरत नाही. म्हणजे पेट्रोल पोचतच नाही, प्लग सोन्याचा घातला तरी उपयोग नाही. आता मी सांगतो त्या क्रमाने बघ. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) दोनदा खालीवर कर. पंपाचा फ्यूज काढून बघ, पण जळाला असेल तर तार गुंडाळून जोडू नको. फ्यूजने वाचवायचं ते वायरिंग मग जळतं, सगळ्या पार्किंगला धोका. पंपाचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) तसल्याच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघ. हँडल डावी-उजवीकडे वळव, वायर दबली असेल तर मीटर लुकलुकेल. एवढं करून काही नाही सापडलं तर बाईक आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा एक छोटा सेन्सर असतो, तो जागेवर आहे का बघ. तो तिरका बसला तर ईसीयूला वाटतं गाडी पडली आहे आणि तो पेट्रोल तोडतो. आणि खरं सांग, परवानंतर गाडीला कोणी हात लावला होता का? आदल्या दिवशी चालणारी गाडी सकाळी रुसते तेव्हा मी शेवटी जे खोललं तिथूनच सुरुवात करतो.

बी ३०४ (७:५८): कोणीच नाही काका.

बी ३०४ आई (८:००): अरे, रात्री साडेअकरापर्यंत खाली मागचं काय खोलत होतास मग? मी दोनदा हाक मारली.

बी ३०४ (८:०१): ते फक्त मागचा मडगार्ड काढून छोटा ब्रॅकेट लावला. नंबरप्लेटचा. त्याचा इंजिनशी काय संबंध?

ए २०२ (८:०२): सीट काढ. आत्ता.

ए ५०३ (८:०९): सापडला! सेन्सर मडगार्डच्याच बोल्टवर होता. ब्रॅकेट लावताना तो काढून वायरवर तसाच लोंबकळत ठेवलाय, पूर्ण आडवा. सेन्सरच्या कव्हरवर बाण आहे, तो वर हवा, पण बाजूला तोंड करून होता. रबराची कुशनं खाली पडलेली मिळाली.

ए २०२ (८:१०): कुशनांसकट, बाण वर, मूळ जागी पक्का बसवा. मग चावी बंद करून पुन्हा चालू करा. बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय ईसीयू विसरत नाही.

बी ३०४ (८:१८): पंपाचा आवाज आला! चालू झाली!! पिवळा दिवापण गेला.

सी १०१ (८:१८): कळलं. चारही विंगना कळलं.

डी ४०२ (८:१९): मी प्लग म्हटलो होतो, सेन्सरही प्लगनेच जोडलेला असतो. अर्धा बरोबर.

बी ३०४ आई (८:२१): सगळ्यांचे मनापासून आभार. २०२ भाऊजी, तुमचं पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं. १०१, तुमची गाडी आता निघेल.

ए ५०३ (८:२४): बाळा, इंटरव्ह्यूला जा, पण फॉग लाइट लावू नको. बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर मी टेप गुंडाळून ती सुटी ठेवली आहे. संध्याकाळी बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले घालू. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ला दिवे, ८६ला चावीनंतरची लाइन स्विचमधून, ८५ला अर्थिंग. मग चावी काढली की दिवे आपोआप बंद. इंजिन चालू असताना थोड्या रेसवर बॅटरीपाशी १४च्या आसपास व्होल्टेज येतंय का तेही बघू.

बी ३०४ (८:२६): हो काकू, सहाला येतो. मडगार्डही परत लावतो.

सी १०१ (८:२७): आणि सायलेन्सर?

सेक्रेटरी (८:३०): सायलेन्सरचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. कृपया आता इथे नको 🙏

बी १०२ (८:३१): सॉकेटचाही घ्या. लेखी कळवते.