अनुभव धागा: ठिगळ कुणाचं?

कपाट आवरताना बाबांचा एक सदरा सापडला, कॉलर उलटवून शिवलेला. पूर्वी कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी बसवून द्यायचा, मग सदरा आणखी वर्षभर निघायचा. लोक बाबांना 'साधा माणूस' म्हणत. तो साधेपणा होता की नाइलाज, हे विचारायचं राहून गेलं. तुमच्याकडे अशा कपड्यांच्या आठवणी असतील तर लिहा. गोडच असायला हव्यात असं नाही.

*

आजीचं दांडाचं लुगडं. दोन जुनेरांचे धड भाग जोडलेलं. जोड निऱ्यांत अशी दडवायची की समोरून कळूच नये. अगदी विरलं की गोधडीत. त्यातली एक गोधडी हल्ली आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली आहे, येणारे-जाणारे फोटो काढतात. आजी असती तर आधी ती उतरवून माळ्यावर टाकली असती.

*

सातवीत होतो. निळ्या शर्टाला खांद्यावर पांढरं ठिगळ. सरांनी वर्गापुढे उभं केलं, "बघा, याला म्हणतात साधी राहणी!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी जाऊन आईवर ओरडलो, पांढरंच का लावलंस म्हणून. ती म्हणाली, "निळं असतं तर निळं लावलं असतं की रे."

*

आमचे आजोबा अमरावतीकडचे. गाडगेबाबांचं कीर्तन त्यांनी लहानपणी ऐकलेलं. त्यांची गोष्ट कपड्यांपासूनच सुरू व्हायची: चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी. सकाळी गाव झाडणाऱ्या या माणसाला वेडा समजून हटकणारे रात्री त्याच्याच कीर्तनात पुढे बसायचे. पाया पडायला गेलं तर बाबा काठी उगारत, हे सांगताना आजोबांना फार हसू यायचं. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांच्या अंगावर १९५६ मध्ये जाईपर्यंत चिंध्याच.

*

वरचं वाचलं, बाबांबद्दल आदर आहेच. पण आमच्या घरात फाटक्या कपड्यांचं कौतुक चालत नाही. गावात नवं, धड नेसलं तरी 'माजलेत' म्हणायचे, अशा आठवणी आमच्याकडे आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसायची जुनी पद्धत सोडायला आणि स्वच्छ राहायला सांगितलं. पणजी त्या गर्दीत होती असं घरी सांगतात. परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते लुगडं घोट्यापर्यंत नेसायचं. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा धरला, तो त्याग खराच. पण अंगावरचं उतरवायला आधी अंगावर काहीतरी असावं लागतं. वडील अजूनही दूध आणायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात. आम्ही हसतो, ते ऐकत नाहीत.

*

२०१९ च्या पुरानंतर सांगलीत मदतीचे कपडे निवडायला गेले होते. बटणं तुटलेले शर्ट, नाड्या नसलेले परकर, उसवलेली ब्लाउजं. एक मावशी बराच वेळ ढीग चाळत होत्या. शेवटी हळूच विचारलं, "बाळा, सुई-दोरा आहे का?"

टेम्पोभर पोती आली होती. सुई-दोरा कुणीच पाठवला नव्हता.