नौदलाच्या पोरांना शिकवायला वेगळी फ्लाइंग बोट हवीच होती का?

सागरवेडा: फ्रान्सच्या एफबीए १७ या फ्लाइंग बोटीबद्दल, म्हणजे बोटीसारख्या पोटावर पाण्यातून उडणाऱ्या-उतरणाऱ्या विमानाबद्दल, माझं मत स्पष्ट आहे, त्या काळातला समुद्री पायलट घडवायचा तर असंच विमान हवं. लुई श्रेकच्या कंपनीचं हे १९२३ चं मॉडेल, खाली लाकडी बोटीचं पोट, वर दोन मजली पंख, दोन्ही पंखांच्या मधे खांबांवर टांगलेलं हिस्पानो-सुइझा इंजिन आणि पंखा मागे, म्हणजे विमान ओढत नाही, ढकलतो. मास्तर आणि विद्यार्थी उघड्या कॉकपिटमध्ये शेजारीशेजारी, त्यामुळे मास्तरचा हात कधी हलतो ते पोराला डोळ्यांनी दिसतं. ही सोय मला फार मोठी वाटते.

खटाटोप: नाही पटत. अमेरिकन नौदलाने काय केलं बघा, कन्सॉलिडेटेड कंपनीचं एनवाय घेतलं, साधं जमिनीवरचं ट्रेनर, चाकं काढून मधे एक मोठा फ्लोट, म्हणजे होडीसारखा तरंगणारा पोकळ भाग, लावला की पाण्यावर. एकाच विमानात दोन्ही शिक्षण झालं की! आणि लाकडी पोटाचा त्रास वेगळाच, पाण्यात राहिलं की लाकूड पाणी पितं, वजन वाढतं, सारखं वर काढून वाळवा. ट्रेनिंगचं विमान दिवसभर आपटणार, त्याला एवढं नाजूक पोट कशाला?

सागरवेडा: देखभालीचं मान्य. पण पाण्यावरून उठणं आणि उतरणं ही वेगळीच विद्या आहे. मी लहानपणी खाडीत होडी वल्हवायचो, पहाटे वारा पडला की पाणी असं गुळगुळीत व्हायचं की आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळायचं नाही. अशा पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही, पोर एकतर फार वर असताना नाक उचलतं नाहीतर सरळ जाऊन आदळतं. हे वर्गात बसून शिकता येत नाही हो.

खटाटोप: अहो पण आरशासारखं पाणी फ्लोटवाल्यालाही तेवढंच फसवतं. पाणी सुटायला सोपं जावं म्हणून खाली असतो तो पायरीसारखा टप्पा फ्लोटलाही असतो, वेगात असताना विमान पाण्यावर उड्या मारू लागणं दोघांनाही आहेच. मग फरक काय उरला?

नीलिमा_व्ही: मधे बोलते, फरक इंजिनात आहे. एफबीएचं इंजिन उंचावर, थ्रॉटल उघडला की जोर वरून येतो आणि नाक खाली दबतं. जमिनीवरच्या विमानाच्या सवयीने आलेला माणूस उतरताना घाबरून एकदम पॉवर देतो आणि नाक पाण्यात जातं. पुढे ज्यांना सीएएमएस ३७ सारखी वर मागे पंखा असलेली बोट चालवायची होती त्यांना हे हातात आधीच बसलेलं हवं. मात्र आपटून नाक मोडलं तर तेच जड इंजिन डोक्यावर यायची भीती, ही बाजू सागरवेडा यांनी सोडून दिली.

सागरवेडा: सोडायला नको होती, खरंय. तरी माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, पुढे जे चालवायचं त्याच्याच जातीचं शिकायला हवं.

खटाटोप: मग त्याच नियमाने अमेरिकनही बरोबर, त्यांच्या युद्धनौकांवरची टेहळणीची विमानं फ्लोटवालीच होती. फ्रेंचांच्या गरजेपुरतं तुमचं मान्य. पण अमेरिकेच्याच कोस्ट गार्डने नंतर न्यू हेवनच्या व्हायकिंग कंपनीने लायसन्सवर बनवलेली हीच एफबीए बोट घेतली ती गस्तीसाठी, शिकवायला नाही, हे विसरू नका.

नीलिमा_व्ही: म्हणजे पोट तेवढं नाजूक नव्हतं ना?